बिनचेहऱ्याचे शिपाई

माझ्या नातीचं मराठी जेमतेम पाच मिनिटं पुरतं. जेवलीस का, शाळा कशी चाललीय, तिकडे थंडी पडली का, एवढं विचारून झालं की आम्ही दोघी फोनच्या पडद्यावर एकमेकींचं तोंड बघत बसायचो. ती जर्मनीत, मी बंगळूरला बसवनगुडीत. तिची आई तिथलीच. घरात मराठीच बोलायचं असा संकल्प माझा मुलगा दर पाडव्याला करतो आणि दुसऱ्या दिवशी मोडतो. मला जर्मन येत नाही. इंग्रजी येतं, पण ते ऑफिसातलं, आणि बारा वर्षांच्या मुलीचे लाड ऑफिसातल्या इंग्रजीत करता येत नाहीत.

हे गेले तेव्हापासून रविवार मला खायला उठायचा. बाकीचे दिवस कसेबसे जातात. दूधवाल्याला 'सरी', म्हणजे बरं, म्हणायचं, भाजीवालीला 'स्वल्प कम्मी माडी', थोडं कमी करा, म्हणायचं, रिक्षावाल्याशी मीटरवरून भांडायचं. भांडणात निदान दोन-चार वाक्यं जास्त होतात, म्हणून मी भांडण सोडत नाही. पण रविवारी सगळ्यांची माणसं सगळ्यांच्या घरी असतात, आणि माझ्याकडे फक्त घर असतं.

शेवटी सिनेमाची युक्ती मीच काढली. आमच्याकडे संध्याकाळ, तिकडे दुपार. फोन समोर उभा करून ठेवायचा, आपापल्या टीव्हीवर एकच कार्टूनचा सिनेमा एकदम सुरू करायचा. एका रविवारी तिची निवड, पुढच्या रविवारी माझी. माझा टीव्ही जरा मागे पडतो, त्यामुळे ती आधी हसायची आणि आता हसायची जागा येणार हे मला कळायचं. नियम एकच होता, मध्ये बोलायचं नाही. हा आमच्या मराठी मंडळाचा नियम. मंडळात महिन्यातून एकदा सिनेमा दाखवतात, चर्चा शेवटी कॉफीबरोबर, आणि मध्ये कुणी कुजबुजलं तर मागून 'शू' येतं. मला वाटलं, मुलीला शिस्त लागेल.

तो सिनेमाही मंडळातूनच कळला. एक निवृत्त शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी शिफारस केली. पूर्व युरोपातल्या एका छोट्या देशाचा, सगळा हाताने काढलेला, नदीकाठचं गाव, नावाड्याची लहान मुलगी आणि तिचं बदक. मागच्या महायुद्धातली गोष्ट आहे पण फार कोवळी आहे, युद्धविरोधी आहे, असं ते म्हणाले. मी त्यातलं 'हाताने काढलेला' तेवढं नेमकं ऐकलं. माझी सगळी नोकरी विमानांच्या सरकारी कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला गेली. इंजिनिअर पेन्सिलीने आराखडा काढायचे आणि आम्ही ट्रेसर बायका त्यावर पारदर्शक कागद पसरून शाईने तो उतरवून घ्यायचो. हाताची रेघ दिसली की मी अजून थांबते. शिवाय कार्टून म्हणजे मुलांचंच, ही आमच्या पिढीची पक्की समजूत. त्यामुळे आधी स्वतः बघून घ्यावा हे माझ्या डोक्यातही आलं नाही. माझ्या पाळीच्या रविवारी मी तोच लावला.

सुरुवात खरंच छान होती. बदकाचं एकेक पीस काढलेलं, नदीवर धुकं, मुलगी नावेत झोपलेली. मग शिपाई येतात. करड्या रंगाचे लांब कोट, शिरस्त्राणं, खाली नुसता मातकट गोळा. नाक नाही, डोळे नाहीत, तोंड नाही. गावातल्या म्हाताऱ्या भटारणीच्या सुरकुत्या काढलेल्या, गाढवाच्या पापण्या काढलेल्या, आणि हे शिपाई मात्र तसेच कोरे. ते ओरडतात ते जर्मनमध्ये, आणि तेवढंच भाषांतर न करता ठेवलेलं. ते बदकं खातात, नाव जाळतात, नावाड्याला गोळी घालायला पुलावर उभं करतात. मी फोनकडे पाहिलं. नात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. नियमाप्रमाणे गप्प होती आणि मला त्याचं कौतुक वाटलं.

सिनेमा संपला. मी म्हटलं, बोल, कसा वाटला? तिने विचारलं, "आजी, ते आम्ही आहोत का?"

मी घाईघाईने म्हटलं, छे गं, तुम्ही कशाला, हा सिनेमा कुणाविरुद्ध नाही, युद्धाविरुद्ध आहे. मंडळातलं वाक्य जसंच्या तसं तिच्या हातात दिलं. ती म्हणाली, "मग त्यांनाच चेहरा का नाही?" उत्तर नसलं की माझा आवाज चढतो, ही माझी जुनी खोड. चित्रातली माणसं ती, एवढं काय मनाला लावून घ्यायचं, असं काहीतरी मी बोलले. तिने 'बाय' म्हटलं आणि पडदा काळा झाला.

पुढच्या रविवारी मुलाचा मेसेज आला की तिला मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचंय. त्याच्या पुढच्या रविवारी तिची बासरीची तालीम निघाली. त्यानंतर कारण द्यायची तसदीही कुणी घेतली नाही. मी मात्र संध्याकाळी फोन टेबलावर उभा करून ठेवत होते. टीव्ही लावत नव्हते, कारण लावला आणि फोन आलाच तर आवाज ऐकू यायचा नाही. एकदा फोनच्या काळ्या पडद्यात माझंच तोंड दिसलं आणि मी तो उलटा करून ठेवला. राग येत होता. मुलाचा, त्या शास्त्रज्ञांचा, सिनेमा काढणाऱ्यांचा. रागाखाली काय होतं तेही सांगते. मला भीती वाटत होती. या मुलीचं आणि माझं नातं म्हणजे तेवढी एक संध्याकाळ होती. तीच गेली तर मग दिवाळीच्या फोटोखाली एक बदाम टाकणारी आजी, तेवढीच मी उरले असते.

न राहवून मीच मुलाला फोन लावला. तो आधी कामात असल्याचं दाखवत राहिला, मग म्हणाला की आई, तू तो आधी बघायला हवा होतास. मग हळूहळू सगळं सांगितलं. ओमाच्या, म्हणजे नातीच्या तिकडच्या आजीच्या दिवाणखान्यात एक फोटो आहे. ओमाच्या वडिलांचा, गणवेशातला, विशीतला. ते पूर्वेकडे लढायला गेले ते परत आलेच नाहीत. ओमा तेव्हा पाळण्यात होती, तिने स्वतःच्या बापाला फोटोतच पाहिलंय. नातीने तो फोटो लहानपणापासून बघितला होता, पण कधी नीट पाहिला नव्हता. सिनेमानंतर तिने ओमाला विचारलं की हे त्या गावात गेले होते का, यांनी नाव जाळली का. ओमा रडायला लागली. नातीने घाबरून फोटो भिंतीवरून काढला आणि कपाटात ठेवला. शाळेत हा इतिहास त्यांना शिकवतात, तो लपवत नाहीत, पण अजून एक-दोन वर्षांनी, असं मुलगा म्हणाला. शाळेतला इतिहास आणि ओमाची भिंत यांची गाठ इतक्या लवकर पडायला नको होती. मी विचारलं, ती माझ्यावर रागावलीय का? तो म्हणाला, माहीत नाही, ती काही बोलतच नाही.

त्या महिन्यात मंडळात कॉफीच्या वेळी मीच विषय काढला. हा सिनेमा युद्धाविरुद्ध आहे की जर्मनांविरुद्ध, एवढंच विचारलं. शास्त्रज्ञ म्हणाले, अर्थात युद्धाविरुद्ध, चेहरा नसणं म्हणजे युद्धात माणूस माणूस उरत नाही याचं प्रतीक. इलेक्ट्रॉनिक सिटीत एका जर्मन कंपनीत काम करणारा एक तरुण सभासद उसळून म्हणाला, मग गावकऱ्यांना चेहरे कसे उरले? हा सरळसरळ एका देशाविरुद्ध आहे, माझ्या टीममधले लोक बघतील तर काय म्हणतील? मग कुणीतरी आपल्याकडच्या युद्धपटांवर घसरलं, शेजारच्या देशावर घसरलं, आणि सगळ्यांचे आवाज वाढले. दोघांचंही थोडंथोडं बरोबर होतं. प्रत्येकाला जिंकायचं होतं आणि मला घरी न्यायला उत्तर हवं होतं. मी का विचारतेय हे कुणी विचारलं नाही. मी वडा तसाच ठेवून बस पकडली.

घरी येऊन सिनेमा पुन्हा लावला, एकटीने, थांबवत थांबवत. ऑफिसात नक्कल तपासायचो तसा एकेक कोपरा बघितला. खरं तर मी पुरावा शोधत होते. एखाद्या शिपायाला एखाद्या चौकटीत अर्धं नाक जरी सापडलं असतं तरी नातीला दाखवून म्हटलं असतं, हे बघ, आहे की. शिपायांच्या बुटांचे खिळे काढलेले आहेत. एक जण बटाटा सोलतो, त्याची बोटं इतकी अचूक आहेत की काढणाऱ्याने कुणाचातरी हात समोर ठेवला असणार. शेवटी एक जखमी शिपाई काठावर पडलेला असतो आणि नावाड्याची मुलगी त्याला पाणी देते. मला वाटलं, इथे तरी. पण पाणी त्या कोऱ्या गोळ्यावरून ओघळून जातं. रेघ चुकून राहत नसते. काढणाऱ्याला नाक-डोळे येत होते, त्याला ते काढायचे नव्हते.

तेव्हा मला मान्य करावं लागलं की तो तरुण म्हणत होता ते खोटं नाही. हा सिनेमा युद्धाविरुद्ध आहे, आणि एका देशाविरुद्धही आहे. ज्यांची नाव जळली त्यांचाच तो सिनेमा. बापाला पुलावर उभं करणाऱ्यांचे डोळे तुम्ही काळजीपूर्वक काढा, हे मी बसवनगुडीत बसून त्यांना कोण सांगणार? त्यांचं दुखणं खरं होतं. फक्त ते माझ्या नातीच्या अंगावर जाऊन पडलं, आणि ते मी पाडलं होतं. हे कळून मला बरं वाटलं नाही. उलट जास्तच एकटं वाटलं, कारण आता रागवायलाही कुणी उरलं नव्हतं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक अक्का राहतात. जन्म चामराजपेटचा, लग्न होऊन बसवनगुडीत आल्या. त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपासून इथलं. मराठी बोलतात पण त्यात कानडी इतकं की पुण्याहून येणाऱ्या माझ्या बहिणीला दुभाषा लागतो. हिवाळ्यात अवरेकाळू आले, म्हणजे पावट्याच्या शेंगा, की आम्ही दोघी त्यांच्या पायरीवर सोलत बसतो. त्या दिवशी शेंगा सोलताना मी त्यांना सगळं सांगितलं. सिनेमा, फोटो, बंद पडलेले रविवार. अक्का सिनेमा बघत नाहीत. पण त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि मग म्हणाल्या, "आम्ही पण दंडूबरोबरच आलो की इथं."

दंडू म्हणजे फौज. त्यांचे पूर्वज मराठी फौजेबरोबर आलेले शिपाई, हे त्यांनी मला पूर्वी अभिमानाने सांगितलं होतं. थोरल्या दिरांच्या घरी त्या पूर्वजांची तलवार आहे, आयुधपूजेला मीही एकदा तिच्या पाया पडून कोसंबरीचा, म्हणजे डाळीच्या कोशिंबिरीचा, प्रसाद खाऊन आले होते. त्याच तलवारीबद्दल अक्का आता वेगळंच बोलत होत्या.

"वर्षाला एकदा बाहेर काढतात. पुसतात, कुंकू लावतात, हार घालतात. ती कुणाकुणाला लागली म्हणून आमच्या घरात आजवर कुणी विचारलं नाही बघा. इथल्या लोकांनी तेव्हा आमचं चित्र काढलं असतं तर नाक-डोळे काढले असते काय?" त्यांनी एक किडका दाणा बाजूला टाकला. "तुमच्या त्या पोरीनं विचारलं तर खरं. आमच्यात कुणी विचारलं नाही."

मला शहाणपण ऐकल्यासारखं वगैरे वाटलं नाही. मला नातीचा एकदम अभिमान वाटला. आणि त्या विचारणाऱ्या मुलीला मी एवढं काय मनाला लावून घ्यायचं म्हणून गप्प केलं होतं. मी अर्ध्या शेंगा तशाच सोडून वर आले. तिकडे शनिवारची सकाळ होती. मुलाच्या फोनवर न करता थेट तिच्या फोनवर केला. रविवार नव्हता, सिनेमा नव्हता, काय बोलायचं तेही ठरवलं नव्हतं.

तिने उचलला. अंथरुणातच होती, केस विस्कटलेले. मी जेवलीस का विचारलं नाही. म्हटलं, तू त्या दिवशी जे विचारलंस त्याचं उत्तर मी चुकीचं दिलं. तुझं बरोबर होतं. त्या शिपायांना चेहरा मुद्दामच काढलेला नाही, आणि ज्यांनी काढला नाही ते खूप दुखावलेले लोक होते. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, मोडकंतोडकं सगळं. ती ऐकत होती. मग तिने जे विचारलं त्याची मला कल्पनाच नव्हती.

"आजी, तू मला तो मुद्दाम दाखवलास?"

इतके दिवस मी समजत होते की तिला सिनेमा लागला. तिला मी लागले होते. भारतातल्या आजीने आपल्या पाळीला नेमका हाच सिनेमा निवडला, बोलायचं नाही असं सांगून शेवटपर्यंत बघायला लावला, म्हणजे आजीला आपण त्या शिपायांतलेच वाटतो, असं ती धरून बसली होती. आणि हे ती कुणाला विचारणार? ओमा रडत होती, बाबा विषय टाळत होता, आणि मी इकडे फोन उभा करून रुसले होते.

मी नाही म्हटलं. तीन-चारदा म्हटलं. मला काहीच माहीत नव्हतं, बदक छान काढलंय एवढंच कळलं होतं, असंही सांगितलं. ते इतकं वेडगळ कारण होतं की तिला खरं वाटलं. ती थोडीशी हसली. मी म्हटलं, आता तो फोटो दाखव मला.

ती तो ओमाच्या कपाटातून आपल्या घरी घेऊन आली होती. तिच्या टेबलाच्या खणात होता. तिने तो कॅमेऱ्यासमोर धरला. पोरगाच होता. कान बाहेर आलेले, कॉलर मानेला मोठी झालेली, फोटोवाल्याने हसू नको म्हटलं असावं पण ओठांच्या एका कोपऱ्याने ऐकलेलं नव्हतं. मी बराच वेळ बघत राहिले. तिने विचारलं की तो वाईट होता का. मी म्हटलं, मला माहीत नाही. काय केलं असेल तेही माहीत नाही. मग तिला अक्कांच्या घरच्या तलवारीबद्दल सांगितलं, तिला कुंकू लावतात ते, आणि मीही तिच्या पाया पडले होते ते. तिने विचारलं, तलवारीने माणसं मारलीत का? मी म्हटलं, मारली असणार. कुणी विचारलं नाही. तू विचारलंस, ते चांगलं केलंस. ओमाला पुन्हा विचार.

"ती रडते."

"रडू दे. तिला तिच्या वडिलांबद्दल कुणी कधी विचारलंच नसेल. तू तिच्या शेजारी बस, एवढंच कर. माणूस एकटं नसलं की रडणं सोसतं."

खालून अक्कांचा शेंगांसाठी आवाज आला, मी उत्तर दिलं नाही. नातीने फोटो बाजूला ठेवला आणि फोन तोंडाजवळ घेतला, इतका की मला तिचं फक्त नाक आणि एक डोळा दिसत होता.

"आजी, तू रडतेस तेव्हा तुझ्या शेजारी कोण बसतं?"

मी म्हणणार होते की मी कशाला रडतेय. अक्का आहेत, मंडळ आहे, असंही म्हणणार होते. पण तिने इतके दिवस खऱ्या उत्तराची वाट पाहिली होती. मी म्हटलं, "कुणी नाही."

"मग उद्या मी बसते," ती म्हणाली. "सिनेमा नको. नुसतं बसू."

मी नुसतं 'हं' म्हटलं.